नखं सोडून सगळ्याला

आमच्या घरात नेलपॉलिश नखं सोडून सगळ्याला लागायचं. परवा सूनबाईनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक नटलेली बाई नेलपॉलिशचे घरगुती उपयोग सांगत होती. किल्ल्यांवर ठिपके द्या म्हणजे चुकणार नाहीत, दोऱ्याचं टोक बुडवा म्हणजे सुईत पटकन जाईल, असलं काहीबाही. सूनबाईला त्याचं भारी कौतुक. म्हणाली, "आई, किती भारी आयडिया आहेत ना!" मी म्हटलं, "बाई गं, ह्यातलं एकही नवं नाही. उलट ह्या बाईला निम्मं माहीतच नाही." मग मी तिला काडेपेटीचं सांगितलं, कोंबड्यांचं सांगितलं, आबांच्या चष्म्याचं सांगितलं. ती हसत होती. हसता हसता तिनं विचारलं, "मग नखांना कोण लावायचं?" इतक्या वर्षांनी त्याचं उत्तर सरळ एका वाक्यात मला देता येईना, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमचं घर भरे गावात, ओढ्याच्या अलीकडे. पुढे ओटी, मागे पडवी, पडवीला लागून गोठा. घरात आबा म्हणजे माझे आजोबा, दादा म्हणजे वडील, आई, मी आणि शालनकाकी. आजी मी फार लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो आबांचा. शालनकाकी ही माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको. चुलते लग्नानंतर दोन पावसाळे पाहून गेले, ओढ्यावरच्या मोटारीचा शॉक लागून. काकीला मूलबाळ नव्हतं. दिवस-कार्य झाल्यावर तिचा भाऊ तिला न्यायला आला नाही, आणि आबांनी जा म्हटलं नाही, म्हणून ती राहिली. एवढंच. राहण्यामागे कोणी मोठा निर्णय वगैरे घेतला नव्हता. मी तिच्याजवळ झोपायचे. माझ्या वेण्या ती घालायची, माझ्या परीक्षेला देवाला साखर ती ठेवायची, आणि आईच्या हातचा धपाटा चुकवायला मी तिच्याच पाठीमागे लपायचे. खरं सांगायचं तर आईपेक्षा मला ती जवळची होती, आणि आईला ते माहीत होतं.

ती बाटली काकीनंच आणली, पिरंगुटच्या बाजारातून. सुईदोरा, कडधान्य आणि तळाशी एक बोटभर उंचीची लाल बाटली. बाटलीवर एका बाईच्या हाताचं चित्र होतं, लांब बोटं, लालभडक नखं. आईनं ती पिशवीतून काढली आणि काकीकडे नुसतं पाहिलं. काकी चुलीत फुंकर घालत म्हणाली, "बाई, भांड्यास्नी खूण करायला आणली. लग्नाघरी गेलेली ताटं माघारी येत न्हाईत. त्यो तेलरंग उडून जातोय, ह्यो उडत न्हाई." आई 'बरं' म्हणाली. आता आमच्याकडे लग्न निघालं की अख्ख्या वाडीची ताटं, तांबे, पराती मांडवात जात, आणि माघारी येताना कुणाचं कुणाकडे जाई. त्यावरून बायांची भांडणं अशी जुंपत की लग्नाचे फोटो पिवळे पडले तरी भांडण ताजं. तेव्हा काकीचं म्हणणं काही खोटं नव्हतं. त्याच दुपारी तिनं सगळी ताटं पालथी घातली आणि प्रत्येकाच्या काठाखाली एक लाल ठिपका दिला. मी शेजारी बसून फुंकर मारून वाळवत होते. तो वास मला इतका आवडला की डोकं दुखेपर्यंत मी हुंगत राहिले. मी म्हटलं, "काकी, माझ्या करंगळीला लाव की." तर म्हणाली, "भांड्याचं हाय त्ये." मी म्हटलं, "मग बाटलीवर हाताचं चित्र कशाला?" त्यावर ती हसली आणि पुढचं ताट ओढलं.

तेव्हापासून माझा गोंधळ सुरू झाला, तो आजतागायत पुरता मिटलेला नाही.

कारण बाटली घरात आली ती राहायलाच आली. आमच्याकडे पाऊस म्हणजे काय हे मी आता राहते त्या भूगावातल्या सातव्या मजल्यावरून कुणाला सांगून कळायचं नाही. आषाढात भिंतींना ओल, मिठाला पाणी, पापडाला बुरशी आणि काडेपेटी तर आठवडाभरात मऊ. काकीनं मूठभर काड्यांच्या गुलांना पालिश लावून वाळवलं, आणि त्या काड्या डब्यात ठेवल्या. बाहेर धो धो कोसळत असताना आमची चूल पहिल्या काडीला पेटायची. आई त्यानंतर बाटलीबद्दल काही बोलली नाही. मग घासलेटच्या डब्याला बारीक भोक पडलं, ते पालिशनं बुजलं. रेडिओवर पुणे केंद्र नेमकं कुठे लागतं तिथे एक ठिपका आला, म्हणजे दादांना कंपनीतून आल्यावर खरखर ऐकत बसावं लागेना. शेजारच्यांच्या आणि आमच्या कोंबड्या एकाच रंगाच्या, त्यावरून रोज वाद. काकीनं आमच्या कोंबड्यांच्या नख्या रंगवल्या. पायांची लाल नखं घेऊन त्या अंगणात अशा मिरवायच्या की आईसुद्धा हसायची. म्हणजे 'नखं सोडून सगळ्याला' हे मी वर लिहिलं ते अगदी बरोबर नाही. कोंबड्यांच्या नखांना चालत होतं. माणसांच्या नखांना नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं.

आबांचं आणि बाटलीचं तर मैत्रच जमलं. त्यांच्या चष्म्याच्या दांडीचा बारका खिळा सारखा निसटायचा. पौडच्या चष्मेवाल्यापाशी जाऊन ते कंटाळले होते. काकीनं खिळा बसवून त्यावर पालिशचा एक थेंब ठेवला. खिळा बसला तो बसलाच. आबांनी चष्मा दोन्ही बाजूंनी वाकवून पाहिला आणि म्हणाले, "लाख लावली वाटतं." त्या दिवसापासून आबांच्या तोंडी ती 'लाख'. काठीला चीर गेली की "शालन, ती लाख आण." विळ्याची मूठ हलली की "लाखीचा थेंब दे गं." एरवी सून आणि सासरा यांच्यात बोलणं कसलं, काकी डोक्यावर पदर घेऊन दाराआडून 'व्हय मामंजी' आणि 'न्हाई मामंजी' ह्यापलीकडे जायची नाही. पण लाखेच्या निमित्तानं तिला ओटीवर यावं लागे, आणि काम होईपर्यंत उभं राहावं लागे. आबा काही सुधारक वगैरे नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते. काकीनं शेवटी जेवायचं, हळदीकुंकवाला मागच्या दारी थांबायचं, हिरवं नेसायचं नाही, हे सगळं त्यांच्या घरात त्यांच्या डोळ्यांदेखत चालायचं, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटल्याचं मला कधी दिसलं नाही.

त्या वर्षी पाऊस लावणीच्या बेतालाच लागला, तो लागूनच राहिला. शाळा ओढ्याच्या पाण्यामुळे मधेच सुटली आणि मी दप्तर डोक्यावर धरून मागच्या दारानं घरात शिरले. पडवीत काकी भिंतीला टेकून बसली होती. पाय पुढे पसरलेले, साडी घोट्याच्या थोडी वर, आणि हातात ती बाटली. ती पायाच्या करंगळीला रंग लावत होती. बाकीची नखं झाली होती. इतकं लक्ष लावून काही करताना तिला मी आधी एकदाच पाहिलं होतं, चुलत्यांचा फोटो पुसताना. पायाच्या बोटात जोडवी नव्हती, पण ती जिथे असायची तिथे कातडीवर एक गोरी रेघ राहिली होती. त्या रेघेच्या वर लाल नख. मला ते फार सुंदर वाटलं, आणि का कोण जाणे, भीतीही वाटली.

मला बघून तिनं पाय आखडून घेतले. मग म्हणाली, "वरडू नगंस. औषध हाय त्ये."

"कशाचं?"

"चिखल्यांचं."

लावणीत दिवसचे दिवस पाय चिखलात राहून बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, सडते, नखाच्या कडा पिकतात. त्या चिखल्या. आमच्याकडच्या बाया त्यावर मेंदी वाटून पायांना थापायच्या. आई तर लावणीच्या आदल्या दिवशी पाट्यावर मेंदीचा हिरवा लगदा वाटायचीच. मी विचारलं, "मग आईसारखी मेंदी का नाही लावत?"

काकी बाटलीचं बूच फिरवत राहिली. "मला मेंदी चालत न्हाई, रंजे."

"औषधाला पण?"

"औषधाला बी." मग तिनं पाय पुन्हा पसरले, बघितले, आणि म्हणाली, "म्हणून ह्ये."

मला ते पूर्णपणे पटलं. मेंदी चालत नाही, तर पालिश. एक औषध बंद असेल तर दुसरं घ्यायचं, त्यात काय अवघड? फक्त एक गोष्ट कळेना. औषध लावताना माणूस असं गालातल्या गालात हसतं कशाला?

लावणीचं काम आमच्याकडे सावडीनं व्हायचं, आज आमच्या खाचरात सगळ्यांनी यायचं, उद्या दुसरीच्या खाचरात. आमच्या दिवशी पंधरा-वीस बाया आल्या होत्या. पौडला दिलेली माझी आत्या, आबांची थोरली लेक, तीही मुद्दाम आली होती. आत्या म्हणजे घरातली दुसरी आबाच. फरक इतकाच की आबा न बोलता दरारा ठेवायचे आणि ही बोलून. सकाळपासून पावसाची झड, डोक्यावर इरली, वाकलेल्या पाठी, आणि ओळीनं मागे सरकत जाणारी गाणी. मी बांधावरून रोपांच्या जुड्या फेकत होते. चिखलात सगळ्यांचे पाय सारखे. गुडघ्याखाली कोण सवाष्ण आणि कोण नाही, हे चिखलाला कुठे कळतं.

दुपारी जेवायला सगळ्या ओढ्यावर पाय धुवायला उतरल्या. आईनं तांदळाच्या भाकरी, सुकटीचं कालवण आणि खेकड्यांचा रस्सा केला होता, त्याचा वास बांधापर्यंत येत होता. मला भूक अशी लागली होती की मी पुढे जाऊन पाटीतली भाकरी मोडायच्या बेतात होते. तेवढ्यात मागचा बायांचा कलकलाट एकदम थांबला. मी वळून पाहिलं. काकी दगडावर बसली होती, पाय पाण्यात, आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्याखाली तिची दहा नखं लाल. तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. पाय काढून घेतले तर जास्तच दिसणार, ठेवले तरी दिसणार.

आत्या म्हणाली, "ह्ये काय गं शालन?"

पंधरा-वीस बाया आणि नुसता पाण्याचा आवाज. मला कळेना की ह्यात एवढं गप्प होण्यासारखं काय आहे. उत्तर मला माहीत होतं, आणि माहीत असलेलं उत्तर पोटात ठेवायची माझी कधीच सवय नव्हती. मी ओरडून सांगितलं, "चिखल्यांचं औषध हाय त्ये! तिला मेंदी चालत न्हाई म्हणून पालिश लावलंय!"

कुणी हसलं नाही. काकीनं माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला अजून उलगडलेली नाही. तेवढ्यात गोदामाय पुढे आली. ही वाडीतली म्हातारी, तिचा नवरा जाऊन इतकी वर्षं झाली होती की तो कसा दिसायचा हे सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. ती काकीच्या शेजारच्या दगडावर बसली, आपले सुजलेले, बेचक्यात पांढरे पडलेले पाय पाण्यातून वर काढले आणि म्हणाली, "गुण येतोय का गं? मग मला बी लाव. मलाबी मेंदी चालत न्हाई."

आणि मग जे झालं ते फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. तिसऱ्या दिवशी आमच्या पडवीत बाया पाय पसरून बसल्या होत्या. मेंदी न चालणाऱ्या तर आल्याच, मेंदी चालणाऱ्याही आल्या, कारण वाटायला पाटा नको, वाळत बसायला नको आणि पुन्हा चिखलात उतरलं तरी जात नाही. नखाच्या रंगानं बोटांच्या बेचक्यातली चिखली बरी कशी होणार, हे एकीनंही विचारलं नाही. उलट गोदामाय सगळीकडे सांगत सुटली की रात्री पायाची आग होते ती थांबली. मी स्वतः पाहिलं, तिच्या चिखल्या होत्या तशाच होत्या. तरी ती म्हणायची गुण आला. आता ती खोटं बोलत होती, की तिला खरंच बरं वाटत होतं, की दोन्ही? मला ह्या वयातही सांगता येत नाही.

पण त्याआधी, त्याच ओढ्याच्या दिवशी संध्याकाळी, आत्यानं विषय आबांपुढे काढला. बाया चहा घेऊन पांगल्या होत्या. आबा ओटीवर शेगडीपाशी पाय शेकत बसले होते. दादा रात्रपाळीला निघायचे म्हणून कंपनीचा सदरा घालून दारात उभे. आत आई भाकरी थापत होती आणि काकी दाराआड. मी काकीच्या पुढे, उंबऱ्यावर.

"आबा, तुमाला ठावं न्हाई घरात काय चाललंय त्ये," आत्या म्हणाली. "रांडमुंड बाई पायाची नखं रंगवतीया. समद्या सावडीनं बघितलं. आज नखं हायेत, उद्या काय? पिरंगुटच्या बाजारला तिला एकटीला धाडताच कशाला? लोकं आपल्या तोंडात श्यान घालायच्या आत तिला भावाकडं पोचवा. त्याची बहीन त्यानं सांभाळावी."

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला. काकीनं माझा खांदा धरला होता, आणि तिची बोटं मला रुतत होती. तिच्या भावाच्या घरी भावजय तिला ओटीच्या आत घेत नसे, हे मला ठाऊक होतं. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते, तर आम्हाला पाणी फुलपात्रात नाही, जुन्या जर्मनच्या तांब्यात दिलं होतं. ती गेली तर मी कुणाजवळ झोपणार, हा माझा पहिला विचार. लाज वाटावी असा आहे, पण तेरा-चौदाव्या वर्षी माणसाला स्वतःचंच आधी दिसतं. रडूच फुटलं मला.

आबांनी चष्मा काढला, पंच्यानं पुसला, पुन्हा घातला. दांडीवरचा लाल थेंब शेगडीच्या उजेडात चमकला. "रंजे," ते म्हणाले, "ती लाख आण हिकडं."

मी कोनाड्यातून बाटली आणून दिली. त्यांनी ती उजेडात धरली. बाटलीवरचं चित्र, ती लांब बोटं, ती लाल नखं, त्यांनी बराच वेळ निरखलं. इतके दिवस ते ती वस्तू वापरत होते, पण कधी हातात घेऊन बघितली नव्हती. मग मला विचारलं, "वड्यावर काय म्हनलीस तू?"

"चिखल्यांचं औषध हाय म्हनले."

"कुणी सांगितलं तुला?"

"काकीनं."

"हं." त्यांनी पाय शेगडीपासून काढले आणि माझ्यापुढे लांब केले. आयुष्यभर खाचरात उभे राहिलेले पाय. भेगा, जाड पिवळी नखं, बेचक्यात पांढरी कातडी. "मग मला बी लाव. माजी बोटं आठवडा झालं सडल्यात, माज्याकडं कुनाचं ध्यान हाय का?"

"आबा!" आत्या किंचाळलीच. "गडीमानूस तुमी! लोकं काय म्हनतील?"

"औषधाला गडी न् बाई कसली?" आबा म्हणाले. "लाव गं."

मी त्यांच्या पायाशी बसले आणि आबांची नखं रंगवली. रंग कातडीवर जात होता. दादा सायकल घेऊन निघून गेले, त्यांना हसू आवरत नव्हतं की रडू, मला दिसलं नाही. आत्या उठून आत गेली आणि आईला म्हणाली, "म्हातारं येडं झालंय." आईनं भाकरी तव्यावर टाकली, तिचा पहिला फुगा मी ओटीवरून पाहिला. तो विषय तिथेच संपला. काकीला पोचवायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आबा दुसऱ्या दिवशी लाल नखं घेऊन दुधाच्या डेअरीवर गेले. कुणीतरी विचारलंच असणार. ते औषध म्हणाले असणार, आणि आबांनी औषध म्हटल्यावर ते औषधच.

मला वाटलं, काकी आता किती खुश होईल. तिसऱ्या दिवशी बाया उठून गेल्यावर संध्याकाळी मी पडवीत गेले तर ती घासलेटात चिंधी बुडवून आपली नखं खरवडत होती. रंग निघत नव्हता, तर दगडानं घासत होती. एका बोटातून रक्त आलं होतं. मी म्हटलं, "काकी, अगं आता काय भ्या न्हाई! आबांनी बी लावलंय! औषध म्हनले त्ये!"

"व्हय. म्हनले." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "आता समद्या गावाचं औषध झालं. मला काय करायचं त्याचं?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती वाचली होती, घरात राहिली होती, आबांसारखा माणूस तिच्यासाठी पाय पुढे करून बसला होता, आणि ती रडत होती. मला काही म्हणता काही कळेना. मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्याबरोबर रडले, कारण एकटीनं रडलेलं बरं दिसत नाही एवढंच मला समजत होतं. त्या पावसाळ्यात अख्ख्या वाडीच्या बायांची नखं लाल होती. फक्त काकीची नव्हती.

आबांना काय कळलं होतं आणि काय नाही, ह्यावर मी पुढे आईशी पुष्कळ वाद घातले. आई म्हणायची, "आबांस्नी खरंच औषध वाटलं. त्यांना काय ठावं नखाचा रंग." असेलही. त्यांनी ती बाटली लाख म्हणूनच ओळखली होती. पण मग त्यांनी चित्र इतका वेळ का निरखलं? आणि कळलं होतं तर सरळ का नाही म्हणाले, "तिला आवडतंय, लावू दे"? एवढं बोलल्यानं काय आभाळ कोसळणार होतं? ह्या एका गोष्टीसाठी मी आबांवर आजही रागावते. आणि राग पुरता येईपर्यंत मला पुढचं आठवतं.

पावसाळा सरला. भात पिवळं झालं, कापलं, झोडलं. पायाखालची जमीन दगडासारखी वाळली, चिखल औषधालाही उरला नाही. आबांच्या अंगठ्याच्या नखावर रंगाचा एक बारीक कपटा तेवढा टोकाशी राहिला होता. एका बाजारच्या दिवशी ते कुणालाही न सांगता एकटेच पिरंगुटला गेले. एरवी बाजार कधीच त्यांचा नव्हता, काकीचा होता. दुपारी परत आले, धोतराचा सोगा झटकला, घामानं डबडबलेले, आणि खिशातून काढून एक बाटली कोनाड्यात ठेवली, लाखेच्या जुन्या रिकाम्या बाटलीशेजारी.

"शालन," दाराकडे न बघता ते म्हणाले, "भांड्यांच्या खुणा पुसट झाल्यात. नीट करून घे."

मी कोनाड्याशी धावले. खुणा पुसट झालेल्या नव्हत्या, सकाळीच मी ताटं घासली होती. आणि बाटली लाल नव्हती. गुलाबी होती, फिकट, शंखाच्या आतल्या बाजूसारखी. मी म्हटलं, "आबा, पर आपली खूण तर लाल हाय! ह्यो गुलाबी हाय! ताटं दुसऱ्याची वाटतील की!"

आबांनी चष्मा काढून त्याची घडी घातली. "तुला लई कळतंय," ते म्हणाले. "गप बस."

काकी दारातून बाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तिनं तो नेहमीसारखा कपाळापर्यंत ओढला नव्हता. तिनं बाटली उचलली, मुठीत धरली. "व्हय मामंजी," म्हणाली. आबा काठी घेऊन गोठ्याकडे निघून गेले. काकी मागच्या पडवीत गेली, आणि तिनं दार ओढून घेतलं. मी बाहेरच उभी राहिले. कोनाड्यात ती बाटली पुन्हा कुणाला दिसली नाही, आणि तिच्याबद्दल घरात कुणी विचारलंही नाही. काकी पुढे पिरंगुटला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली. तिथे बंद बूट घालायला लागायचे. वाडीतल्या बायांना त्या बुटांची कीव यायची, उन्हाळ्यात पाय कसे उकडत असतील म्हणून. काकीनं त्यांची तक्रार कधी केली नाही.

आता ती खाचरं नाहीत. आमच्या सावडीच्या बांधावर कुणाच्यातरी सोसायटीच्या गाड्या लागतात. आबा गेले, आई गेली, गेल्या वर्षी काकीही गेली, आणि घर मोडलं तेव्हा भांडी वाटणीत माझ्याकडे आली. सूनबाई म्हणते, एवढी ताटं ठेवायला ओट्याखाली जागा नाही, मोडीत देऊ. परवा तो व्हिडिओ बघून झाल्यावर मी ती सगळी बाहेर काढली. ताटं, वाट्या, तांबे, ती मोठी परात. खाली बैठक मारून एकेक पालथं घालत गेले. चष्मा लावून काठाखाली पाहिलं, बोट फिरवून पाहिलं. लाल ठिपके कुठे पूर्ण, कुठे अर्धे, कुठे नुसता डाग. आबांनी खुणा नीट करून घ्यायला सांगितलं होतं, आणि काकीनं त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. गुलाबी ठिपका एकाही भांड्यावर नाही.